जहाजावर न झालेलं व्याख्यान

चार वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या स्मरणिकेत माझं एक प्रवासवर्णन छापून आलं होतं. मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन येणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर रत्नागिरी भागातल्या ऐंशी डॉक्टरांनी चार दिवस वैद्यकीय शिक्षण कसं घेतलं, याचं ते खेळीमेळीचं वर्णन होतं. शेवटी सूर्यास्ताचा फोटो होता. लोकांना लेख आवडला. त्यातला एक विनोद तर फारच आवडला. तो विनोद खोटा होता, आणि लेखातलं आणखी बरंच काही खोटं होतं. मी तेव्हा संस्थेचा सचिव होतो. सहलीची आखणी माझी, कागदांवरच्या सह्याही माझ्या. आता माझी पंचाहत्तरी उलटली आहे. म्हणून तोच प्रवास पुन्हा लिहितो, या वेळी घडला तसा.

ज्यांना आमच्या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. डॉक्टरला आपली नोंदणी चालू ठेवायची तर मधूनमधून नवं शिक्षण घेतल्याचं दाखवावं लागतं. त्याचे गुण मिळतात, प्रमाणपत्र मिळतं. आमच्याकडे हे वर्ग गावातल्याच एका सभागृहात व्हायचे. जेवणाची पंगत उठली की निम्मे डॉक्टर पसार. एका बैठकीत कोणीतरी म्हणालं, "जहाजावर घेऊ या. तिथून पळून जाणार कुठे?" सगळे हसले. मीही हसलो, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या एका सहल कंपनीला फोन लावला.

कंपनीतर्फे परेश नावाचा एक गोड बोलणारा गृहस्थ आला. त्याच्या चकचकीत पुस्तिकेत पहिल्या पानावर पोहण्याचा तलाव, दुसऱ्यावर जुगाराची टेबलं, पुढची सहा पानं खाणं, आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात ‘सभागृह उपलब्ध’ एवढे दोनच शब्द. तिथेच मला समजायला हवं होतं. मी वेळापत्रक पाठवलं की तो ते खोडून परत पाठवायचा. अकरा वाजता सभागृहात तंबोला. चार वाजता नाच शिकवणार. संध्याकाळी जादूचे प्रयोग.

"मग व्याख्यानं घ्यायची कधी?" मी विचारलं.

"सर, जहाज बेटापाशी थांबलेलं असताना घ्या ना. सभागृह पूर्ण रिकामं."

"तेव्हा डॉक्टरसुद्धा बेटावर असतील."

"तेच तर, सर," तो मनापासून म्हणाला, "कोणालाच त्रास नाही."

यावर मला संताप यायला हवा होता. मी हसलो. अठरा तासांच्या शिक्षणासाठी आम्हाला जेमतेम पाच तास सभागृह मिळालं. कागदावर मी अठराच राहू दिले.

मारुती मंदिराच्या चौकातून पहाटे दोन बस निघाल्या. माझी बायको सुलभा हिने तांदळाच्या भाकऱ्या, लसणीची चटणी आणि आंबोळ्यांचा डबा घेतला होता. "अगं, जहाजावर दिवसातून पाच वेळा खायला घालतात," मी म्हटलं. "घालू देत की," ती म्हणाली, "आपल्याला भूक लागली तर काय खायचं?"

आमच्या मागच्या बाकावर डॉ. वैशाली डोर्लेकर बसली होती. तिला मी ती परकरी पोर असल्यापासून ओळखतो, तिचे दुखरे कान मीच तपासलेले. तिचे वडील दत्ताराम डोर्लेकर हे मिरकरवाडा बंदरातले तांडेल (मच्छीमार होडीचा प्रमुख). पोरगी एमबीबीएस झाली आणि शहरात दवाखाना थाटायचा सोडून लांज्याच्या पलीकडे डोंगराखालच्या एका आरोग्य केंद्रात जाऊन बसली. तिकडे फुरशांचा सुळसुळाट. फुरसं म्हणजे कातळावर, दगडांच्या सापटीत राहणारा हातभर लांबीचा विषारी साप. चावला तर रक्ताची गोठण्याची ताकद जाते. वैशालीने अशी कितीतरी माणसं वाचवली होती. आमच्या सगळ्या कार्यक्रमात शिकण्यासारखं एकच सत्र होतं आणि ते तिचं होतं. बाकीचे वक्ते औषध कंपन्यांनी पाठवले होते.

तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली, नळ्या उभ्या ठेवायची एक लाकडी घोडी होती. घोडीत काचेच्या नळ्या.

मुंबईच्या बंदरावर सामान तपासणाऱ्या बाईंनी त्या नळ्या उजेडात धरून पाहिल्या. "काच कशाला मॅडम? प्लास्टिकच्या चालत नाहीत?"

"नाही ना ताई, मुद्दा तोच आहे," वैशाली म्हणाली, आणि मागे रांग खोळंबलेली असताना त्या बाईंना समजावू लागली. साप चावलेल्या माणसाचं थोडं रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग एकदा आडवी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर विष अंगात भिनलंय. प्लास्टिकच्या नळीत चांगलं रक्तही गोठायला मागत नाही, मग फसगत होते.

"फक्त वीस मिनिटं?" बाई म्हणाल्या. "माझ्या गावी पण साप आहेत." आणि त्यांनी नळ्या स्वतः टॉवेलात गुंडाळून दिल्या. त्या सबंध प्रवासात वैशालीचं बोलणं इतक्या लक्षपूर्वक ऐकणारी ती पहिली व्यक्ती. डॉक्टर मागे कुरकुरत होते.

जहाज पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखाना उचलून कोणी पाण्यात ठेवलाय आणि त्याला पांढरा रंग दिलाय. चौदा मजले. ‘पळून जाणार कुठे’ म्हणणाऱ्याला मी शोधत होतो.

चढल्याचढल्या परेशने एक टेबल मांडलं. त्याच्यावर खोल्यांच्या चाव्या आणि आमचं हजेरीपुस्तक. "सर, एकच काम करू. सह्या आधी, चावी नंतर. चारही दिवसांच्या आत्ताच. मग लोक मोकळे." एकोणऐंशी डॉक्टरांनी उभ्या उभ्या चारही दिवसांच्या, सगळ्या सत्रांच्या सह्या ठोकल्या. अजून न झालेल्या व्याख्यानांना सगळे आधीच हजर. फक्त वैशालीने पहिल्या दिवसापुरती सही केली.

"काका, उद्याचं उद्या करते," ती म्हणाली. मी मान वळवली.

उद्घाटन पाच वाजता होतं. नेमकी त्याच वेळी जीवरक्षक जाकिटांची कवायत निघाली, ती कोणाला चुकवता येत नाही. जहाजावर ज्योत पेटवायलाही मनाई. शेवटी प्रमुख पाहुण्यांनी नारिंगी जाकीट घालून बॅटरीवरच्या समईचं बटण दाबलं. स्मरणिकेत मी लिहिलं होतं, ‘मंगलमय वातावरणात दीपप्रज्वलन झाले.’

दुसरा दिवस सबंध समुद्रात. सकाळच्या सत्राला मी माणसं मोजली. अकरा, त्यातले दोन वक्ते, एकजण जागा चुकून आलेला. वैशालीचं सत्र अकराचं. पावणेअकराला जहाजाचा माणूस येऊन म्हणाला, तंबोल्याला गर्दी वाढली, हे दालनही लागेल. आमचे सव्वीस डॉक्टर त्या गर्दीत होते. मी नावं सांगू शकतो, पण सांगत नाही, कारण पहिलं नाव अध्यक्षांचं येईल.

"उद्या संध्याकाळी घेऊ," मी वैशालीला म्हणालो.

"चालेल काका. वीस मिनिटं कोणी हलणार नाही एवढं बघा."

दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. मांडणी अशी की डोळे दिपावेत. माशाचा एक पांढरा तुकडा सुलभाने काट्याने उलटापालटा करून पाहिला. ना काटा, ना कातडं, ना वास.

"ह्या माशाला आईबाप नाहीत गं," ती वैशालीला म्हणाली.

"काकू, ह्याला समुद्र पण माहीत नाही. बाबांना दाखवला तर विचारतील, हा कुठल्या कारखान्यात होतो?" आणि दोघी भाकरी आणि चटणी काढून जेवल्या. आजूबाजूचे बघत होते. मला लाज वाटली. आज त्या लाजेची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी बेट. पाणी इतकं नितळ की तळाची वाळू मोजावी. लहान होड्यांतून आम्हाला किनाऱ्यावर नेलं. होडीवाला एक वयस्क बेटकरी होता, मोडक्या हिंदीत बोलणारा. कोणीतरी त्याला ऐटीत सांगितलं की हे सगळे डॉक्टर आहेत.

तो वल्हं टेकवून आम्हा सगळ्यांकडे बघत राहिला. "इतके डॉक्टर? कोण आजारी आहे?"

होडीत हशा पिकला. त्याने खरंच विचारलं होतं. नंतर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "माझ्या बायकोचे पाय सुजतात. जरा बघाल?" मी म्हटलं, वेळ कमी आहे, परतताना बघू. वैशाली मात्र त्याच्याबरोबर गेली. आमचे लोक पाण्यात डुंबत होते तेव्हा ती कुणाच्या तरी ओसरीवर बसून पाय दाबून बघत होती. परत आलो तर सभागृहात नाचाची तालीम चाललेली. सत्र पुन्हा पुढे. आता शेवटचा दिवस, दुपारी तीन. "मी स्वतः पहिल्या रांगेत बसतो," असं वचन मी दिलं.

चौथ्या दिवशी वारा उठला. एवढं मोठं धूड, पण दुपारपर्यंत डुलायला लागलं. आणि मला बोट लागली. हे वाक्य मी चार वर्षं लिहिलं नव्हतं. खोलीत पडून होतो, पोटात पाणी ठरत नव्हतं, भिंती फिरत होत्या. वैशाली अडीच वाजता आली. आल्याचा तुकडा दिला, म्हणाली, "काका, खिडकीतून लांबच्या रेषेकडे बघा. बाबा नवख्या खलाशांना हेच सांगतात. लाटेकडे बघायचं नाही." तिचा आवाज, तिचे हात, सगळं ठीक होतं. घरी ओट्याशी उभी असावी तशी ती त्या डुलत्या फरशीवर उभी होती.

मी म्हटलं, "मला येता येणार नाही."

"पडून राहा. मी बघते," ती म्हणाली आणि घोडी घेऊन गेली. सुलभा तिच्यामागोमाग गेली. तिने परत येऊन जे सांगितलं ते असं.

सभागृहात शंभर खुर्च्या. माणसं तीन. सुलभा आणि दोन वाढपी, त्यातला एक गुहागरकडचा. वैशालीने दहा मिनिटं वाट पाहिली. मग स्वतःच्याच हातातून रक्त काढून नळीत घेतलं, घड्याळ लावलं आणि त्या तिघांना शिकवायला सुरुवात केली, शंभर बसल्यासारखी. चौदाव्या मिनिटाला परेशची माणसं निरोपसमारंभाची सजावट घेऊन आली. फुगे, चमकी, टेबलावर घालायची कापडं. वैशाली म्हणाली, "सहा मिनिटं थांबा, टेबलाला हात लावू नका." एकाने मान डोलावली, घोडी उचलली आणि खाली फरशीवर नेऊन ठेवली.

नळी हलली. म्हणजे संपलं. पुन्हा पहिल्यापासून.

"तिने नुसतं आवरलं हो," सुलभा म्हणाली. "नळी टिपली, गुंडाळली. त्या गुहागरच्याला म्हणाली, दादा, शेवटचं महत्त्वाचं राहिलं. रक्त एकदा गोठलं म्हणून माणसाला घरी धाडायचं नाही. काही तासांनी पुन्हा बघायचं, परत परत बघायचं. विष उशिराही चढतं. तेवढं सांगितलं आणि गेली."

मी खिडकीतून बघत होतो. लांब पूर्वेला काळसर पट्टी होती आणि तिच्या अलीकडे ट्रॉलरचे ठिपके. आमच्याच बाजूच्या होड्या असाव्यात त्या. ज्या माणसांना फुरसं चावतं आणि ज्यांना समुद्र पोसतो, त्यांच्यासमोरून आम्ही फुगे लावून चाललो होतो.

घरी आल्यावर ऐंशी प्रमाणपत्रांवर मी सही केली. ‘सर्पदंश उपचार, प्रात्यक्षिकासह सत्रास उपस्थित.’ वैशालीने स्वतःचं प्रमाणपत्र परत पाठवलं आणि कार्यकारिणीला तक्रार लिहिली की सत्र झालेलंच नाही. अध्यक्ष माझ्या घरी आले. म्हणाले, "सगळ्यांचे गुण जातील. तुमचं नाव जाईल. काहीतरी मार्ग काढा." मार्ग मी काढला. लेखी दिलं की सत्र झालं, डॉ. डोर्लेकरांना बोट लागल्यामुळे त्या मध्येच उठून गेल्या, उरलेलं प्रात्यक्षिक मी पूर्ण केलं. तक्रार निकालात निघाली. आणि तेवढ्यावर न थांबता स्मरणिकेत मी तो विनोद केला, ‘तांडेलाची लेक, आणि तिलाच बोट लागली!’ माझी ओकारी मी एका पोरीच्या पदरात टाकली आणि वर लोकांना हसवलं.

सुलभाने लेख वाचून स्मरणिका मिटली. "मी तिथे बसले होते," एवढंच म्हणाली. त्यानंतर वर्षातून चारदा तरी म्हणायची, "अहो, मी अजून जिवंत आहे हं, साक्षीला."

तो विनोद फिरत फिरत मिरकरवाड्यात पोचला. दत्ताराम तांडेल पूर्वी माझ्यासाठी दोन सरंगे (पापलेटं) बाजूला काढून ठेवायचे, लिलावाला लावायचे नाहीत. नंतर मी गेलो की भरल्या टोपल्यांसमोर उभे राहून म्हणायचे, "आज काय नाय, डॉक्टर." बाजूचे खलाशी त्यांना छेडायचे, "तांडेल, पोरीला उलटीची पिशवी दिलीत का बरोबर?" मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि पिशवी हलवत घरी आलो.

गेल्या पावसाळ्यानंतर एका चिरेखाणीत (जांभा दगडाची खाण) काम करणाऱ्या माणसाला फुरसं चावलं. जवळच्या डॉक्टरने लगेच नळीत रक्त घेतलं. गोठलं. ‘काही नाही, घरी जा.’ दुसऱ्या सकाळी हिरड्यांतून रक्त वाहत असताना त्याला वैशालीच्या केंद्रात आणलं. तिने दोन दिवस झुंजून त्याला वाचवला. नंतर ती त्या डॉक्टरला भेटायला गेली. त्याच्या खुर्चीमागे भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र होतं. तिच्याच व्याख्यानाचं. खाली माझी सही.

हे मला तिने कळवलं नाही. तो डॉक्टरच मला भेटल्यावर हसत हसत सांगत होता, "काय बाई आहे हो, दुसऱ्याच्या दवाखान्यात येऊन भिंतीकडे बघत उभी राहिली!" मला त्याला मारावंसं वाटलं. मग आठवलं, चौकटीतल्या कागदावर सही कोणाची आहे.

त्याच आठवड्यात मी हे सगळं लिहून काढलं, कार्यकारिणीला दिलं. उत्तर आलं, जुनं उकरून काय मिळणार? बाकी सगळ्या डॉक्टरांना वेगवेगळी पत्रं टाकली की माझ्या सहीचं प्रमाणपत्र खोटं आहे, भिंतीवरून उतरवा. तिघांची उत्तरं आली. एकाने विचारलं होतं, गुणांचं काय?

मग एसटीने लांज्याला आणि पुढे रिक्षाने वैशालीकडे गेलो. कौलारू केंद्र, बाहेर बाकावर दहाबारा माणसं. मला बघून ती उठली नाही. रांग संपेपर्यंत मी बाकावर बसलो. मग आत बोलावून म्हणाली, "हात पुढे करा, काका."

माझं रक्त तिने काचेच्या नळीत घेतलं, घोडीत ठेवलं, घड्याळ लावलं. "बसा. वीस मिनिटं. पहिल्या रांगेत बसणार होतात ना?"

खोलीत एकच खुर्ची होती. मी खिशातून कागद काढले आणि हाच मजकूर तिला वाचून दाखवला, इथवरचा. वीस मिनिटं झाली, तिने नळी आडवी केली. रक्त गोठलं होतं.

"झालं?" मी विचारलं.

"तुमच्या सत्रात शेवटचं राहिलं होतं, ते सांगते. एकदा गोठलं म्हणून सुटका नाही. पुन्हा करायचं." तिने कागद माझ्या हातात परत दिले. "मला काय सांगता, काका? मला माहीतच आहे मला बोट लागली नव्हती. धक्क्यावर जाऊन सांगा. बाबांसमोर, सगळ्यांसमोर."

परतीच्या एसटीत सगळी वाट मी ते वाक्य मनात घोकत होतो, शाळकरी पोरासारखा. घरी न जाता सरळ मिरकरवाड्याला उतरलो. दुपारचा लिलाव चालला होता. बर्फ, माशांचे ढीग, आरडाओरडा. दत्ताराम तांडेलांसमोर उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "तुमच्या मुलीला बोट लागली नव्हती. मला लागली होती. मी खोटं लिहिलं."

चारपाच माणसं वळली. एकजण फिस्सकन हसला. दुसरा म्हणाला, "मग चार वर्षं काय करत होतात, डॉक्टर?"

तांडेल जाळं सोडवत होते, त्यांचे हात थांबले नाहीत. हातातली गाठ सुटल्यावर मान वर केली.

"आता बोललात ते हितल्या चारपाच जणांनी ऐकलं. हसले ते सगळ्या होड्यांवरचे. बाकीच्या होड्या सांजच्याला लागतात." त्यांनी बर्फाच्या एका रिकाम्या पेटीकडे बोट केलं. "बसा."

पहिल्या लेखाच्या शेवटी सूर्यास्त होता. इथे ऊन अजून वर होतं, पेटी ओली होती, आणि धक्क्यापलीकडे लांबच्या रेषेवर एकही होडी दिसत नव्हती. मी त्या रेषेकडे बघत बसलो.